गाडी वाडीत नको

टाळेबंदीच्या त्या उन्हाळ्यात पेपरात आलं होतं की रुग्णालयांतल्या तातडीच्या विभागात गर्दी ओसरली आहे, हृदयविकाराचे रुग्णसुद्धा कमी झाले आहेत. कोणी तज्ज्ञ म्हणाला, धावपळ थांबली, हवा सुधारली, माणसं निरोगी झाली. मी तो पेपर फाडला. आमची काकी तेव्हा नुकतीच गेली होती.

काकी म्हणजे शेजारीण, विधवा. तिचा एकुलता झील, म्हणजे मुलगा, मुंबईहून आलेला आणि गावच्या नियमाने शाळेत वेगळा ठेवलेला. शाळेवरून जाणारे लोक नाकावर टॉवेल दाबून चालत. आमची वाडी खाडी आणि समुद्राच्या मधल्या वाळूच्या पट्टीवर. रस्ता एकच, त्यावरून गेलेली गाडी प्रत्येक घरापुढच्या खळ्यातून दिसते.

त्या सकाळी काकी खांबाला टेकून बसली होती. चेहरा घामाने निथळत होता, डावा हात उजव्याने धरलेला.

"ॲम्ब्युलन्स बोलावते," मी म्हटलं.

"नको गो. गाडी इली की सगळे म्हणतले, झिलान रोग हाडल्यान. मगे तेका गावात रवाक देतले?"

"म्हणू देत. आपण भांडू."

"तू पत्रका वाटतलंस नि मोकळी होतलंस. माका हयच रवाचा आसा."

खरं होतं. बाबांनी आयुष्यभर यांत्रिक बोटींच्या मोठ्या जाळ्यांविरुद्ध पत्रकं काढली, मी ती वाटत वाढले. भीतीविरुद्ध पत्रक कसं काढतात हे आमच्या घरात कोणालाच माहीत नव्हतं.

शेवटी ती एका अटीवर तयार झाली: होडीने जायचं. पलीकडच्या गावात बाबांच्या ओळखीची रिक्षा होती, ती दवाखान्यात पोचवणार होती. बाबा वल्हवत होते. काकी पदर तोंडावर घेऊन बसली. तिचा श्वास मला वल्ह्याच्या आवाजातही ऐकू येत होता.

पलीकडच्या धक्क्यावर बांबू आडवे बांधले होते. तीन-चार तरुण उभे.

"काकीनू, फिराक इलास की काय? पर्यटन बंद आसा," एक जण म्हणाला. बाकीचे हसले.

"त्या वाडीतले मा तुमी? थंय मुंबयवालो आसा," दुसरा म्हणाला. आता कोणी हसलं नाही.

मी उठून उभी राहिले. "हिच्या छातीत..." एवढंच म्हणाले. काकीने माझं मनगट इतकं घट्ट दाबलं की मी खाली बसले.

"तिसऱ्ये काढूक इलव रे," ती म्हणाली. आवाज अगदी घरगुती, खरंच शिंपल्या वेचायला आल्यासारखा. "हय गावनत नाय दिसता. जातंव परत."

बाबांनी होडी वळवली. ती मुलं वाईट नव्हती. त्यांच्याही घरात म्हातारी माणसं होती आणि त्यांना सांभाळायचं म्हणजे दुसऱ्याला उतरू द्यायचं नाही, एवढंच त्यांना कळवण्यात आलं होतं. दवाखाना आजाऱ्यांसाठी उघडा आहे, या, हे सांगणारं एकही पत्रक कोणी आमच्या वाडीत वाटलं नव्हतं. ताटं वाजवा, हे मात्र सगळ्यांपर्यंत पोचलं होतं.

खाडीच्या मध्यावर मी तिला न विचारता फोन केला. आम्ही काठाला लागलो तेव्हा ॲम्ब्युलन्स भोंगा वाजवत वाडीत शिरली आणि एकेका घराची दारं लागत गेली. मालवणच्या रुग्णालयात पोचण्याआधीच काकी गेली. तातडीच्या विभागात सगळ्या खाटा रिकाम्या होत्या. डॉक्टर थकल्या आवाजात म्हणाल्या, "असे हल्ली मेल्यावरच येतात."

तपासणीचा निकाल येईपर्यंत मुलाला शाळेबाहेर सोडलं नाही. अग्नी बाबांनी दिला. निकालात रोग निघाला नाही आणि वाडीने दारं उघडली.

"बरा झाला बाय, साधो हार्टच होतो," एक बाई विहिरीवर म्हणाली. बाकीच्यांनी माना हलवल्या.

मुलगा घरी आला त्या संध्याकाळी सगळे त्याच्या खळ्यात येऊन बसले. कोणी भात आणला, कोणी माशाचं कालवण. कोणाच्याही नाकावर टॉवेल नव्हता. त्याने सगळ्यांना बसायला चटया घातल्या आणि स्वतः आत गेला. बराच वेळ बाहेर आला नाही.