बाबांच्या दाराचा मेसेज

गेली तीन वर्षं माझा दिवस सहा वाजता येणाऱ्या एका मेसेजने सुरू होतो: ‘बाबा उठले. दार उघडलं.’ वाक्य माझंच आहे, मीच ते टाईप करून ठेवलंय. वेळणेश्वरच्या घराचं पुढचं दार उघडलं की चौकटीवर चिकटवलेला सेन्सर ते आतल्या एका डबीला कळवतो, आणि डबी रत्नागिरीत मला नि डोंबिवलीत दादाला.

ही यातायात आई गेल्यानंतरची. दादा म्हणाला, बाबांना मी घेऊन जातो. बाबा म्हणाले, चौथ्या मजल्यावर मला काय काम? मी मध्ये पडले, आणि तिघांत ठरलं ते असं: रोज सकाळी बाबा उठल्याचं दोघांना कळायला हवं, आणि एकदा जरी ते आजारी पडले, तर डोंबिवली. मग वाद नाही. बाबांनी मान डोलावली. कॅमेऱ्याला मात्र साफ नकार दिला. ‘पंचा लावून फिरणारा माणूस मी. कॅमेरा कसला लावतेस गो?’

मी कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये नोकरीला, म्हणून डबी माझ्या गळ्यात पडली. डबीत चालणारी सिस्टीम फुकटची. पण तिला आपला सेन्सर ओळखता येत नाही, पंप ओळखता येत नाही. त्यासाठी जगभरातल्या हौशी लोकांनी लिहिलेले तुकडे वरून जोडावे लागतात. त्यांना अ‍ॅड-ऑन म्हणतात. माझ्याकडे असे अकरा आहेत, आणि अकरा जणी म्हणजे एका घरातल्या अकरा जावा. एकीचं मन राखायला जावं तर दुसरी रुसते. एकीला नवीन कपडे घेतले की बाकीच्यांना जुनं घर चालेनासं होतं. त्यात आभाळात जरा गडगडलं की बाबा मेन स्विच पाडणार, आणि लाईट परत आली की यांतली एखादी उठायलाच तयार नसणार. तीन वर्षांत मी एवढंच शिकले, की फुकट मिळालेल्या गोष्टीची उठाठेव कधी संपत नाही.

दाराचा अ‍ॅड-ऑन कुठल्यातरी थंड देशातल्या एका माणसाने लिहिलाय. अडचणी विचारायच्या ऑनलाइन फोरमवरच्या त्याच्या फोटोत खिडकीपर्यंत बर्फ आहे. पूर्वी तो तासाभरात उत्तर द्यायचा. मग त्याला मूल झालं, आणि आता आठवडे जातात. लोक तिथे त्याला वाट्टेल ते बोलतात. मला ते जमत नाही. तोही बिचारा फुकटच राबतोय, आणि दमलेला माणूस मला लगेच ओळखू येतो.

त्या रविवारी संध्याकाळी सात अपडेट येऊन पडले होते. प्रत्येकासोबतची टीप आधी वाचायची, मगच बटण दाबायचं, हा नियम लॅबमध्ये मीच मुलांना शिकवते. पण सिंकमध्ये भांडी होती, सकाळचे कपडे वाळत घालायचे राहिले होते. ‘सगळे अपडेट करा’वर बोट ठेवलं आणि भांडी घासायला गेले.

सोमवारी सहाला मेसेज नाही. साडेसहालाही नाही. बाबांचा साधा फोन खिडकीत ठेवलेला असतो, कारण रेंज तिथेच येते. तो वाजत राहिला. शेजारचे चिपळूणला लेकीकडे गेलेले. दादाचा मेसेज आला, ‘आज काय झालं?’ मी लिहिलं, ‘अपडेट केलंय काल. बघते.’ बहुतेक तेच असणार हे मला ठाऊक होतं. पण त्या ‘बहुतेक’वर स्वस्थ बसवेना. रजा टाकली आणि स्कूटरला किक मारली.

जयगडला पोचले तर डोळ्यांदेखत फेरीबोट सुटली. पुढच्या फेरीची वाट बघत धक्क्यावर बसून फोरम उघडला. जगभरातून ओरड चालली होती: नव्या अपडेटनंतर कुणाच्याच घरातलं दार उघडल्याचं कळत नव्हतं. म्हणजे चूक अपडेटची, आणि न वाचता बटण दाबणारीची. इतका राग आला स्वतःचा! परत फिरले असते तरी चाललं असतं. पण रजा गेलीच होती. बाबांच्या हातचं जेवावं, दुपारी जरा पडावं, एवढ्याच विचाराने मी समोरून आलेल्या बोटीत स्कूटर चढवली. काळजी तेव्हा मनात उरली नव्हती, हे कबूल केलेलं बरं.

दार उघडंच होतं. आत बाबा खाटेवर दोन गोधड्या घेऊन पडले होते. कपाळाला हात लावला तर चटका बसला.

‘कशाला आलीस गो?’

‘मेसेज नाही आला.’

‘असं कसं? सहाला उघडलंय की मी दार.’

‘ताप कधीपासून आहे?’

त्यांनी तोंड फिरवलं. ‘झाले असतील चार दिवस.’

चार दिवस. चारही दिवस सहाच्या ठोक्याला मेसेज आला होता, आणि तो बघून मी निवांत चहा पीत बसले होते. बाबा म्हणाले, ‘त्यात काय? भिंतीला धरून जायचं, कडी काढायची, परत येऊन निजायचं. वॉच सोडून चालतं काय?’

बाबांनी उभा जन्म बोटीच्या इंजिनरूममध्ये काढला. पहाटे चार ते आठ त्यांचा वॉच, म्हणजे पाळी. अंगात ताप असो नाहीतर समुद्र खवळलेला असो, बदलीचा माणूस येऊन उभा राहिल्याशिवाय जागा सोडायची नाही, हे त्यांच्या हाडात मुरलंय.

‘मला फोन करायचात!’ मी ओरडलेच.

‘ताप काय, आज हाय, उद्या नाय. डोंबिवलीला गेलो की गेलोच बाय.’ मग म्हणाले, ‘नि तू तरी किती धावशील? नोकरी, घर, नि वर हे डबडं.’

रिक्षा बोलावली, डॉक्टरकडे नेलं. इंजेक्शन झालं, रक्त तपासायला दिलं. घाबरण्यासारखं काही नाही, पण अशक्तपणा फार आहे, असं डॉक्टर म्हणाले. घरी येऊन मऊ पेज केली, ती त्यांनी अर्धी वाटी घेतली. संध्याकाळी डबीपुढे बसून अ‍ॅड-ऑनची जुनी आवृत्ती परत चढवली. दहा मिनिटांचं काम होतं. ते रत्नागिरीतूनही झालं असतं. मग दादाला कळवलं: ‘अपडेटमुळे बिघडलं होतं. दुरुस्त केलं.’ त्यात एक अक्षर खोटं नव्हतं, आणि लिहिताना मला लाज वाटली.

रात्री बाबांच्या खाटेशेजारीच चटई टाकली. पहाटे जाग आली ती भिंतीवरून हात सरकल्याच्या आवाजाने. सहा वाजत होते. बाबा भिंतीला धरून दाराकडे निघाले होते.

‘निजा तुम्ही,’ मी म्हटलं. ‘मी उघडते.’

ते तसेच उभे राहिले. माझ्याकडे बघितलं, दाराकडे बघितलं.

‘बरं. घे मग,’ म्हणाले, आणि वळून खाटेवर जाऊन आडवे झाले. पाठ टेकताच त्यांना झोप लागली.

मी कडी काढली. हातातला फोन थरथरला: ‘बाबा उठले. दार उघडलं.’ मिनिटभरात खाली दादाचा अंगठा आला. बाबा आठ वाजेपर्यंत झोपले होते.