नकाशात नसलेली उंबरमाळ

मुंबईच्या नकाशा-कचेरीत डोंगरांच्या रेषांवर शाई फिरवणं हे माझं काम. यंदाच्या हिवाळ्यात कुलाबा जिल्ह्याच्या नव्या नकाशातली नावं जागेवर तपासायला मला धाडलं, तेव्हा मी खुशीत निघालो. परतलो तो धुमसतच.

भाऊच्या धक्क्यावरून लाँचनं रेवस, पुढं एसटी, रेवदंड्याला होडी, पुन्हा एसटी, मग आगरदांड्याहून दिघीला आणखी एक होडी. तिकिटं स्वस्त, पण वेळेचा भरवसा धरू नका. सगळं भरती-ओहोटीच्या हाती. दिघीहून बोर्लीला बैलगाडी. जेवणाला तांदळाची भाकरी आणि सुकट, झकास!

आमचे मोजणीसाहेब बोर्लीत महिनाभर मुक्काम ठोकून होते. त्यांच्या कागदावर मागच्या डोंगरात लिहिलं होतं, ‘दाट रान, वस्ती नाही’. बाजारात लोणी विकणाऱ्या धाकीबाई धनगरणीला मी सहज विचारलं, "वर काय आहे?"

"आमची उंबरमाळ हाय की. तेरा घरं."

"नकाशात तर नाही."

"न्हाय कसं? मंग आमी ऱ्हातो कुठं?"

दुसऱ्या दिवशी तिच्यामागून चढलो. कारवीतून चार तासांची चढण. पाणी जवळ ठेवा. वर खरोखर तेरा घरं, बारमाही झरा, आणि कडेला दगडांच्या दोन लहान, ताज्या राशी.

"पोरांना देवी आल्या," धाकीबाई म्हणाली. "टोचणारा पायथ्यापासनं माघारी गेला. यादीत उंबरमाळ न्हाय म्हनला." तिनं एका राशीवर हात ठेवला. "ह्यो माझा नातू."

ती यादी जुन्या नकाशावरून केलेली होती. मला तिच्याकडे बघवेना.

संध्याकाळी साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, "तेरा झोपड्यांसाठी डोंगर पुन्हा मोजू? कागद पूर्ण झालाय. नावं तपासल्याची सही कर."

"तुम्ही वर गेला होतात?"

"दुर्बिणीतून सगळं दिसतं."

"मग ती पोरं का नाही दिसली?"

सही केली नाही. रात्रीच वाटेचा, झऱ्याचा आणि घरांचा कच्चा नकाशा काढला आणि सकाळी बोर्लीच्या शाळामास्तरांकडे दिला, टोचणाऱ्यापर्यंत पोचवायला.

घरी येऊन तीन महिने झाले. सही दुसऱ्यानं केली. मला गोदामात कागद मोजायला बसवलंय. छापील नकाशात तिथं अजून रानच आहे. मास्तरांचं पत्र मात्र आलं: टोचणारा तो कागद घेऊन वर चढला, राहिलेल्या सगळ्या पोरांना लस मिळाली. वाचून बरं वाटलं. पण त्या दोन राशी आठवल्या की साहेबांच्या दुर्बिणीचा संताप येतो, आणि तो ओसरावा असं मला वाटतही नाही.