पाण्यावरचं लोखंड

महाराष्ट्र नवा झाला होता तेव्हाची गोष्ट. लोणारला एसटी स्टँडमागे एक म्हातारा लोखंडाचं भस्म करायचा. मायच्या अंगात रक्त उरलं नव्हतं, म्हणून मी दुसरबीडहून त्याच्याकडे खेपा घालायचो. दर खेपेला तो गोवऱ्यांच्या खड्ड्यातून मडकं काढायचा, लालसर चिमूट पाण्याच्या वाटीत सोडायचा आणि श्वास धरून वाकायचा. तरंगलं तरच भस्म झालं. चिमूट बुडायची.

"आखीन जाळा लागते."

"हाय तसंच द्या, बाबा. माय आता उठून बी नाही बसत."

"नाही देत. कच्चं लोखंड पोटात गेलं तं जहर होते, भाऊ."

मला त्याचा संताप यायचा. खोटा मात्र तो नव्हता.

मायची तेरवी झाल्यावर त्याला सांगायला गेलो. माझा आवाज ऐकताच त्यानं वाटी ओढली. चिमूट पाण्यावर पसरली. वर तांदळाचा दाणा ठेवला, तोही बुडाला नाही.

"झालं!" म्हणून त्यानं हसून वर पाहिलं आणि माझं मुंडण केलेलं डोकं त्याला दिसलं.

तो बोटानं ते भस्म पाण्याखाली दाबत राहिला. ते पुन्हा पुन्हा वर येत होतं.