मागची सीट

लांबच्या प्रवासाची मोटारसायकल बघायला शोरूममध्ये गेलो, तेच आमचं शेवटचं बरोबर जाणं. बायको पदर खोचून मागच्या सीटवर एका अंगानं बसली. विकणारा म्हणाला, "काकू, दोन्हीकडं पाय टाका." "तुझ्या आईला शिकव आधी," ती म्हणाली. मग मला म्हणाली, "अहो, पाय ठेवायला फळीच नाही. एकट्याची गाडी आहे ही."

घाटात, हायवेला, खडीवर, कुठंही चालते म्हणे. चालत असेल. मागं माणूस नसलं की सगळे रस्ते सारखेच.

त्याच रात्री ती झोपेत गेली. सकाळी पुतण्याच्या मोटारसायकलवर मागं बसून मसणवाट्यात गेलो. मागं बसायची माझी पहिलीच वेळ. पुढचा रस्ता दिसतच नाही, नुसती पाठ दिसते. हिनं जन्मभर एवढंच बघितलं.