पाकिटातला कौल

भुलीच्या डॉक्टरचा स्वभाव शांत असावा म्हणतात. माझा नाही. त्या सकाळीही नव्हता, आणि याचं मला आजही समाधान आहे.

नगरच्या आमच्या रुग्णालयात तेव्हा लहान मुलांसाठी घशात बसवायचे दोन प्रकारचे मास्क आम्ही ताडून पाहत होतो. मास्क बसवायचा आणि त्यातून, बारीक दुर्बिणीने बघत, नळी श्वासनलिकेत सरकवायची. वाट कोणत्या मास्कमधून नीट सापडते, एवढाच प्रश्न. कोणत्या मुलाला कोणता, हे बंद पाकीट ठरवायचं, म्हणजे डॉक्टरची आवडनिवड मध्ये येत नाही.

अकोले तालुक्याच्या डोंगरातून तीन वर्षांची एक पोर आली. बापाने भांडणात चुलीवरच्या पेजेला लाथ मारली होती. ती उडून पोरीचा गळा भाजला, जखम भरताना कातडी आवळली आणि हनुवटी छातीला चिकटली; ती सोडवायची शस्त्रक्रिया होती. "हिला वर बघता येत न्हाई," आई म्हणाली. "पाखरू दावलं तर जमिनीवर उताणी पडती." बाप शेजारीच उभा होता. माझ्या मनात त्याच्याविषयी जे आलं ते लिहिण्यासारखं नाही.

पाकीट फोडायचा हट्ट त्यानेच धरला. "आमच्यात देवाला दोन फुलं लावून कौल घेत्यात, मॅडम. पडंल ते फूल खरं." मी बजावलं, की हा कौल नव्हे, एक मास्क जमला नाही तर दुसरा घालणार. त्याने पाकीट कपाळाला लावून फोडलं.

भूल दिली तशी पोर त्याच्या मांडीवरच झोपली. त्याला बाहेर जायला सांगितलं, तो दारातच थांबला. पाकिटातला मास्क बसेना. हवा कडेने फसफस निघून जाई, छाती हलेना, ओठ निळे पडू लागले. मी तो उपटून फेकला आणि दुसरा मागितला.

"कौल मोडला हिनं! माझी पोर मारती ही!"

त्याने सलाईनचा स्टँड उचलून माझ्या पाठीत घातला. दुसरा घाव खांद्यावर बसला, तिसऱ्याने कपाटाची काच फुटली. माझे दोन्ही हात पोरीच्या जबड्याखाली होते. ते सुटले असते तर सगळंच संपलं असतं. मी मागे न बघता लाथ झाडली, अस्सल नगरी शिव्या दिल्या आणि एका हाताने जबडा धरून दुसऱ्याने दुसरा मास्क आत सारला. छाती वर आली. दुर्बिणीत वाट समोर दिसली आणि नळी गेली.

रखवालदारांनी त्याला फरफटत नेलं. मी पोलिसांत तक्रार दिली. सोडून द्या म्हणणारे पुष्कळ होते, पण पाठ माझी होती.

संध्याकाळी तो हवालदाराच्या हातापाया पडला. "येकदा बघू द्या तिला." हवालदाराने त्याला वॉर्डात आणलं. पोर जागी होती. गळ्याला बँडेज, हनुवटी वर, आणि ती छताकडे टक लावून बघत होती. त्याचा चेहरा उजळला. केसांवरून फिरवायला त्याने हात उचलला.

पोरीने झटकन दोन्ही तळव्यांनी गळा झाकून घेतला.