बोलायला एकट्या वसुधाबाई

मुलुंडच्या त्या चाळीत १९५४ साली नळ आला नव्हता. विहीर एक आणि बिऱ्हाडं वीस. दर रविवारी घरटी एकाने येऊन काठावरचं शेवाळ घासायचं, पाण्यातला पाला काढायचा, असं ठरलं होतं. ठरवताना सगळे हजर होते. घासताना चार-पाच जण असत.

श्यामकांत कर्णिक तर कधीच नसत. ते सरकारी कचेरीत हेडक्लार्क. त्यांच्या पाठीत रविवारी सकाळी उसण भरे ती दुपारच्या मटणापर्यंत उतरे.

"कुणीतरी बोलायला हवं," असं चाळ एकमेकांच्या कानात म्हणे. शेवटी बोलल्या त्या वसुधाबाई कोठारे. मुलींना शिवण शिकवायच्या. आवाज मोठा, भीड कमी. विहिरीचा दोर आणि पोहरा त्यांच्याच दाराशी टांगलेला असे. कर्णिकांची बायको सुनंदा घागर घेऊन आली, तेव्हा त्या म्हणाल्या, "रविवारी जो हात लावत नाही, त्याला सोमवारी दोर नाही. नवऱ्याला सांग."

"झकास केलंत हो!" बायका म्हणाल्या. घरात, दार लावून.

पण कर्णिकांनी चाळीतल्या काहींना नोकरीला चिकटवलं होतं, आणि बाकीचे आशेवर होते. आठवड्याभरात चाळीला उमगलं, की वसुधाबाई उद्धट आहेत. हळदीकुंकवाचं बोलावणं थांबलं. जिन्यात त्या दिसल्या की माणसं भिंत न्याहाळू लागली. दोरही कुणीतरी गुपचूप विहिरीवर नेऊन बांधला. शेवाळ घासायला ज्यांची कधी एकी झाली नाही, त्यांनी हे वाळीत टाकण्याचं काम एकही खाडा न करता पार पाडलं. वसुधाबाई रडल्या, पण चुलीपाशी, धुराच्या नावावर.

मग रविवारी कोणीच फिरकेना. कर्णिक नाहीत, तर मीच का? पावसाळ्यात पाण्याला वास सुटला, घरोघरी जुलाब लागले. तेव्हा चाळ वसुधाबाईंच्या दारात आली.

"तुम्हीच बोला कर्णिकांशी. आम्ही आहोत ना मागे!"

"मागच्या खेपेलाही मागेच होतात. इतके मागे, की दिसलाच नाहीत. बरोबर येता का?"

माणसं आपापल्या चपला शोधू लागली. तळमजल्यावरचा सहदेव तावडे, गिरणीतला कामगार, तेवढा पुढे झाला. "चला बाई, मी येतंय तुमच्या वांगडा." एक निघाला म्हटल्यावर दुसरा निघाला, मग सगळेच शूर झाले. दारातली गर्दी कर्णिकांनी एकदा मोजून पाहिली. त्या रविवारी ते धोतर खोचून शेवाळ घासत होते.

वाईट हे झालं, की त्यांना काम आवडलं. घासण्याचं नव्हे, हजेरी घेण्याचं. एका रविवारी विद्याधर टिपणीस हिवतापाने कुडकुडत पडला होता. कर्णिक त्याच्या खिडकीखाली गरजले, "ढोंगं आहेत सगळी! याचं पाणी तोडा!" मागे उभ्या चाळीने जोरजोरात माना डोलावल्या.

वसुधाबाईंनी टिपणिसांची घागर भरली आणि कर्णिकांच्या हातात दिली. "तापलाय तो. वर नेऊन द्या."

कर्णिकांनी नेली. चाळ मात्र हिरमुसली. शिक्षा बघायला एवढी माणसं जमली होती.