मनवेलपाड्याच्या नियमाने लागलेली रांग

आशालताबाई दुखंड्यांची निम्मी भांडी घासून झाली होती आणि निम्मी साबण लावून मोरीत पाण्याची वाट बघत होती, तेवढ्यात खाली विरारच्या मनवेलपाड्याच्या गल्लीत टँकर येऊन उभा राहिला. दुसरी कुणी असती तर साबणाच्या हाताने जिना उतरली असती. आशालताबाईंनी आधी हात पुसले, देवापुढची वात सारखी केली आणि मग सावकाश निघाल्या. घाई कशाची? त्यांचा हंडा पहाटेपासून रांगेत उभा होता.

मनवेलपाड्यात पाण्याच्या रांगेत माणसं उभी राहत नसत, हंडे राहत. कुणाच्या हंड्याला पोचा, कुणाच्या गळ्यात लाल नाडा, कुणाचा तांब्याचा, कुणाचा प्लॅस्टिकचा. हंडा ठेवला की माणूस मोकळा. माणसामाणसांत कितीही वाजलेलं असो, एकमेकींचं तोंड न बघणाऱ्या बायकासुद्धा एकमेकींचा हंडा पुढे सरकवत. शेजारच्या चाळीतल्या एक आजी पहाटे गेल्या, तेव्हा त्यांचा हंडा रांगेतच होता. गल्लीने आधी त्यांच्या हंड्याला पाणी दिलं आणि मग त्यांना खांदा दिला. ‘हंडा जिवंत होता ना,’ आशालताबाई म्हणाल्या होत्या आणि त्यावर कुणालाही काही वावगं वाटलं नव्हतं. त्यांचे यजमान रमेशराव मुंबईच्या पाणीखात्यात कारकून होते. लोकांच्या पाण्याच्या तक्रारी ते दिवसभर इंग्रजीत लिहून वर पाठवत आणि संध्याकाळी घरी येऊन तांब्याभर पाण्यात आंघोळ करत.

तर त्या दिवशी आशालताबाई पाणी भरून वर आल्या आणि फोन वाजला. फोन लेकीचा होता. सुरुची आणि जावई विघ्नेश नोकरीसाठी क्वालालंपूरला होते, त्याला वर्ष होत आलं होतं. २००३ साल होतं ते. आईबाबांनी पंधरा दिवस यावं, तिकिटं पाठवते, असं ती म्हणत होती. आशालताबाईंचे डोळे भरून आले. मग सुरुची आवाज बारीक करून म्हणाली, “आणि आई, विघ्नेशचे आईबाबापण त्याच आठवड्यात येतायत.” डोळे लगेच कोरडे झाले.

विहीणबाई ठाण्याच्या नौपाड्यातल्या. घर शुद्ध शाकाहारी. लग्नाच्या बैठकीतच त्यांनी विचारलं होतं, की मुलीच्या हाताला वास तर येत नाही ना. तेव्हापासून सुरुची सासरी मासळीचं नावही काढत नसे. विहीणबाई भांडत नसत, नुसत्या बोलत. भाजीत मीठ कमी पडलं तर ‘विरारला पाणी खारं ना, सवय असते बाई एकेकाची’ एवढंच बोलत, पण ते वाक्य वर्षभर पुरत असे.

निघायच्या आदल्या दिवशी शेजारची मॅग्डलीन एक बरणी घेऊन आली. तिचं माहेर अर्नाळ्याचं. घरचा जवळा वाळवून, भाजून, लसूण-मिरची घालून तिने चटणी कुटली होती. “पोरीला दे,” ती म्हणाली, “तिथलं पानी कसं असेल कोन जाने, जिभेला चव तर राहील.” आशालताबाईंनी बरणी पाच पिशव्यांत गुंडाळून नेली. सुरुचीने ती बघितली, छातीशी धरली आणि सासूच्या भीतीने फडताळात डाळींच्या मागे दडवली. रोज बरणी थोडी थोडी खाली जाताना आशालताबाईंना दिसे. जावई चोरून खातोय, असं समजून त्यांना जावयाबद्दल नव्याने माया वाटू लागली.

चौथ्या दिवशी सुरुचीने आईला गच्चीत नेलं. त्या शहरात दोन उंचच उंच मनोरे आहेत आणि मध्ये, आभाळाच्या वाटेवर, एकाला दुसऱ्याशी जोडणारा पूल. त्या पुलावर उभं राहून शहर बघता येतं. विहीणबाईंची मोठी जाऊ तिथे जाऊन आली होती, दारासमोरच्या भिंतीवर फोटो लावून बसली होती, आणि गेली दोन वर्षं विहीणबाई तो फोटो पाहून घोट गिळत होत्या. “आई, त्यांना वर जायला मिळालं नाही ना, तर ते मलाच ऐकावं लागेल,” सुरुची म्हणाली. “सून परदेशात असून पुलावर गेले नाही, असं. दर दिवाळीला, दर गणपतीला. माझं म्हातारपण येईपर्यंत.”

अडचण अशी, की तिकीट फुकट होतं. विकत असतं तर विघ्नेशने घेऊन ठेवलं असतं. फुकट म्हटल्यावर रोज ठरावीकच देत, ज्याचं त्याने हजर राहून घ्यायचं, पहाटेपासून रांग लागे आणि तिकिटं संपली की खिडकी बंद. शनिवार-रविवारी गर्दी दुप्पट, आणि बाकीचे दिवस लेक-जावई कामावर. शिवाय विहीणबाईंचे गुडघे. उभ्या राहिल्या की दुखत, बसल्या की आखडत.

“एवढंच ना?” आशालताबाई म्हणाल्या. लेकीला वाटलं आई धीर देतेय. आईला खरंच एवढंच वाटलं होतं.

बुधवारी उजाडायच्या आत दोन्हीकडचे आईबाबा असे चौघं जण टॅक्सीने पोचले. दिवाणखान्यासारख्या लखलखीत तळघरात खिडकी होती, अजून बंद. पुढे कुणीच नव्हतं. मागून एक जपानी जोडपं आलं, मग एक दाढीवाला जर्मन. विहीणबाईंनी तिथल्या चकचकीत फरशीकडे बघितलं आणि गुडघ्याला हात लावला.

आशालताबाईंनी पदर खोचला. रमेशरावांनी तिथल्या एसीच्या थंड हवेसाठी घातलेली कानटोपी काढून त्यांनी पहिल्या जागी ठेवली. तिच्यामागे व्याह्यांची छत्री. मग स्वतःचा खोबऱ्याच्या वड्यांचा स्टीलचा डबा. “विहीणबाई, तुमचं काहीतरी द्या.” विहीणबाईंनी शाल दिली नाही, थंडी वाजते म्हणून. चप्पल दिली नाही, फरशी गार म्हणून. उरली पर्स. तीही सोडवेना. पैसे आणि पासपोर्ट काढून नवऱ्याकडे दिले तरी त्या पर्सचा बंद धरून उभ्या राहिल्या. शेवटी व्याहीच वैतागून म्हणाले, “अगं ठेव ना, काय खजिना आहे का त्यात?” तेव्हा त्यांनी पर्स अशी ठेवली, जशी आई बालवाडीच्या दारात मूल सोडते.

मग चौघं पलीकडच्या बाकांवर जाऊन निवांत बसले.

जपानी बाईंनी कानटोपीकडे पाहिलं, छत्रीकडे पाहिलं, बाकाकडे पाहिलं. आशालताबाईंनी तिथूनच हाताने दाखवलं: वस्तू खाली, तुम्ही इकडे. जपानी बाईंनी डब्याला वाकून नमस्कार केला, आपली पिशवी पर्सच्या मागे कोपऱ्याला कोपरा जुळवून ठेवली आणि नवऱ्याला घेऊन बाकावर आल्या. नवऱ्याची पिशवी वेगळी हवी, हे आशालताबाईंनी त्यांना परत पाठवून शिकवलं. एका हंड्यामागे एकच माणूस, हा नियम होता. जर्मनाने पाठीवरचं बोचकं उतरवलं. पुढे येणाऱ्यांना तोच समजावू लागला, आणि आशालताबाईंपेक्षा कडकपणे. एकाने बोचकं जरा तिरकं ठेवलं, तर त्याने ते सरळ करायला लावलं.

उजाडेपर्यंत खिडकीपासून जिन्यापर्यंत लांबच लांब रांग लागली आणि तिच्यात एकही माणूस नव्हता. माणसं सगळी कडेला बसून एकमेकांच्या डब्यातलं खात होती. खोबऱ्याच्या वड्या तेवढ्या कुणाला मिळाल्या नाहीत, कारण डबा कामावर होता.

अशा वेळी पहारेकरी पाळीवर आला. त्याला दिसलं ते एवढंच: जगातल्या सर्वांत प्रसिद्ध इमारतींपैकी एकीच्या पोटात, बेवारस बॅगांची शिस्तीत लावलेली ओळ. त्याने शिट्टी फुंकली ती श्वास संपेपर्यंत. मागून आणखी पहारेकरी आले, पट्ट्या बांधल्या गेल्या, सगळ्यांना कारंज्याजवळ हाकललं गेलं. सगळे घाबरले होते. आशालताबाईंना काळजी एकच, की या गडबडीत कुणी क्रम तर बदलणार नाही ना.

एक साहेब आले. रमेशराव पुढे झाले. एवढी वर्षं वर पाठवलेलं सगळं इंग्रजी त्यांनी गोळा केलं. “विथ ड्यू रिस्पेक्ट, सर,” ते म्हणाले, “दीज बॅग्ज आर स्टँडिंग ऑन अवर बिहाफ.” साहेबांनी त्यांच्याकडे, मग बॅगांकडे पाहिलं आणि कुत्रा मागवला.

कुत्रा मोठा कामसू होता. त्याने कानटोपी हुंगली आणि शिंकला. छत्री सोडली. वड्यांच्या डब्याशी घटकाभर रेंगाळला. मग पर्सपाशी आला आणि बसला. कुत्रा बसला याचा अर्थ काय, हे कुणी सांगावं लागलं नाही. व्याह्यांनी तोंड उघडलं, “अगं, ती तर तुझी…” आणि पुढचं बोलले नाहीत, कारण विहीणबाईंनी त्यांना चिमटा काढला होता.

पण बॉम्ब सापडलेला कुत्रा शेपटी हलवतो का? हा हलवत होता. मग तो आडवा झाला, पर्सवर हनुवटी टेकली आणि त्याच्या तोंडातून लाळ गळू लागली. शिपायाने ओढलं, दटावलं, कुत्रा हलेना. अखेर लांब काठीने पर्स उलटी केली. जपमाळ पडली, चष्म्याचं घर पडलं आणि एक बाटली पडली, तिच्यावर हिंगाष्टक चूर्णाची चिठ्ठी. रोज जेवण झाल्यावर विहीणबाई पाठ करून त्यातलं चिमूटभर घेत, हे घरात सर्वांना माहीत होतं. झाकण उघडलं, आणि त्या परक्या देशाच्या परफ्यूम मारलेल्या हवेत मॅग्डलीनच्या जवळ्याचा वास भरून राहिला.

आशालताबाईंना एका क्षणात बरणी का खाली जात होती ते कळलं, आणि जावयावरची माया उगाच खर्च झाली हेही.

त्यांचं मनगट कुणीतरी घट्ट धरलं. विहीणबाई. “आशालताबाई,” त्या पुटपुटल्या, “यांना माहीत नाही. विघ्नेशला नाही. कॉलेजात असताना एका मैत्रिणीकडे खाल्ला होता, त्यानंतर आत्ताच हो.”

पूर्ण वर्षभराचं उट्टं काढायला नुसतं गप्प राहिलं असतं तरी पुरे होतं. आशालताबाईंच्या मनात ते आलं नाही, असं नाही. त्यांनी डोळे मिटले, डोंगरावरच्या जीवदानी आईला मनात म्हणाल्या, की बघ बाई, खोटं बोलतेय, पण तुझी शपथ घेऊन नाही. मग पट्टीखालून वाकून पलीकडे गेल्या.

“माझं आहे ते,” त्या म्हणाल्या. “त्यांची बाटली रिकामी झाली होती, पर्समध्ये जागा होती, म्हणून मी ठेवलं.”

“फिश पावडर, सर,” रमेशरावांनी भाषांतर केलं. “नॉन-एक्स्प्लोझिव्ह.”

साहेबांनी बाटली नाकाशी धरली. तपासाला लागतं त्यापेक्षा जरा जास्तच वेळ धरली. त्यांच्याकडेही आई असलंच काही करते, असं ते शिपायाला आपल्या भाषेत सांगत असावेत, कारण शिपायाने मान डोलावली आणि दोघांनी मिळून एक चिमूट कुत्र्याला दिली. मग साहेब कडक झाले आणि बॅगा पुन्हा एकट्या सोडायच्या नाहीत, असं सर्वांना बजावलं. पट्ट्या सुटल्या. आता झुंबड उडणार, असं पहारेकऱ्यांना वाटलं. पण जो तो आपापल्या वस्तूपाशी जाऊन उभा राहिला, मागचा मागे, पुढचा पुढे, आणि नवीन आलेल्या एकाने मध्ये घुसायचा प्रयत्न केला तेव्हा जर्मनाने त्याला हात धरून शेवटी नेऊन सोडलं.

खिडकी उघडली. पहिली चार तिकिटं कानटोपी, छत्री, डबा आणि पर्स यांच्या नावची.

वर पुलावर सगळं शहर पायाखाली होतं, पण व्याह्यांचं लक्ष शहरात नव्हतं. लिफ्टपासून त्यांनी सुरू केलं होतं, की माणसाने खावं, आमचं काही म्हणणं नाही, पण सोवळ्यातल्या बाईच्या पर्समध्ये, जपमाळेशेजारी, म्हणजे काहीतरी पाचपोच हवा. आशालताबाई मुकाट ऐकत होत्या. विहीणबाई काचेला हात टेकून उभ्या होत्या. वळल्या.

“अहो, पुरे,” त्या म्हणाल्या. “माझी विहीण आहे ती.”

व्याही गप्प झाले, इतके की फोटोतही त्यांचं तोंड बंद आलं. फोटोत विहीणबाईंनी आशालताबाईंचा हात धरलेला आहे.

संध्याकाळी सुरुचीने दार उघडलं आणि पहिल्यांदा सासूचा चेहरा वाचला. विहीणबाई चप्पल काढता काढता म्हणाल्या, “तुझ्या आईला रांग लावता येते हो. आमच्याकडे कुणाला येत नाही.” सुरुचीने आईकडे बघितलं. आई स्वयंपाकघरात निघून गेली होती.

कणीक मळायला घेतली तोच मागे विहीणबाई येऊन उभ्या राहिल्या. इथे मासळी बाजार कुठे भरतो, ते त्यांनी पाण्याचा पेला शोधत असल्यासारखं विचारलं. जवळच आहे, पण उद्या गुरुवार, गुरुवारी मी शिवत नाही, आशालताबाई म्हणाल्या. परवा बघू. व्याह्यांना आणि यजमानांना त्या दिवशी मत्स्यालय बघायला धाडायचं, असं दोघींचं ठरलं. शुक्रवारी सकाळी आशालताबाईंना बाजारात जाऊन बांगडे आणायचे होते.